चिखलवाटेवरचे फिरते घर इतके महाग का?

गेली दोन वर्षे आपल्या सभासदांच्या, विशेषतः तरुण सभासदांच्या बोलण्यात एक सूचना पुनःपुन्हा येत आहे. मुनिसंघाच्या विहारकाळी चौका घेऊन पुढे जाणाऱ्या श्रावक-श्राविकांकरिता, तसेच कुटुंबातील वृद्धांच्या तीर्थयात्रेकरिता, मंडळाने निधी उभारून एक फिरते घर विकत घ्यावे, अशी ती सूचना आहे. मोटारीतच निजण्याची, स्वयंपाकाची, गाळलेल्या पाण्याची व शौचाची सोय असावी, येथपर्यंत कोणाचाच मतभेद नाही. परंतु सूचना करणारे पुढे असेही म्हणतात की, ही गाडी भालकी-आळंदकडील काळ्या रानातल्या गाडीवाटेनेही विनासायास गेली पाहिजे. अशा गाडीच्या किमतीची चौकशी झाली तेव्हा आकडा ऐकून अनेकांनी कानांवर हात ठेवले आणि 'कारखानदार लुटतात' असा शेरा मारून विषय संपविला.

हा शेरा व्यापाऱ्याच्या तोंडी शोभत नाही असे मला वाटते. तुरीचा भाव चढला की शहरातील ग्राहक आपल्यालाही असेच लुटारू ठरवितो. त्यामागचे हवामान, आवक, घट, दालमिलचा खर्च आणि गुंतलेल्या भांडवलाचे व्याज त्याला दिसत नाही. महागाईचे कारण शोधणे हे ज्यांचे नित्यकर्म, त्यांनी तरी दुसऱ्याच्या मालाविषयी इतक्या घाईने निकाल देऊ नये.

प्रथम आपल्या देशात काय मिळते ते पाहू. चिखलात व खडकाळ वाटेवर चालावी म्हणून चारही चाकांना इंजिनाची गती देणाऱ्या मोटारी येथे बनतात. पुण्याच्या फोर्स मोटर्सची गुरखा किंवा महिंद्रची थार ही नावे सर्वांच्या परिचयाची आहेत. परंतु त्यांच्या पोटात चार माणसांनी बसावे, निजू नये. उलट ज्यांच्या पोटात माणूस उभा राहू शकतो अशा ट्रॅव्हलरसारख्या उंच मोटारींना फक्त मागच्या चाकांचीच गती असते. आपल्याकडील अनेक फिरती घरे याच ट्रॅव्हलरवर बांधलेली असतात. सप्टेंबर २०२२ मध्ये महिंद्रने आयआयटी मद्रासच्या आश्रयाने वाढलेल्या कॅम्परव्हॅन फॅक्टरी या कंपनीशी करार करून बोलेरो कॅम्पर गोल्डच्या सांगाड्यावर फिरती घरे बांधण्याचे जाहीर केले. तीही मुख्यतः सडकेवरच्या पर्यटकासाठीच. थोडक्यात, जिथे बळ आहे तिथे जागा नाही आणि जिथे जागा आहे तिथे बळ नाही. हा योगायोग नव्हे. घर आणि चिखल यांचे मुळातच वाकडे आहे.

ते वाकडे कशात आहे, हे आपल्या काट्यावरच तोलून पाहता येईल. चार माणसे म्हणजे पावणेतीन क्विंटल धरा. स्नानपानाचे दीडशे लिटर पाणी म्हणजे बरोबर दीड क्विंटल. बाजा, फळ्या, शेगडी, सिलिंडर, विजेच्या बॅटऱ्या, शौचकूप, सांडपाण्याची टाकी, कपडे, भांडी, शिधा, आणि या सर्वांवरचे छप्पर व भिंती मिळून आणखी सहा-सात क्विंटल सहज होतात. म्हणजे वीस पोत्यांचे ओझे झाले. पोती एकदा उतरवली की ट्रक हलका होतो. घराचे ओझे मात्र रात्रंदिवस गाडीच्या पाठीवरच राहते. त्यात चारही चाकांना गती द्यावयाची तर पुढचा आसही चालता करावा लागतो, गती वाटून देणारी पेटी बसवावी लागते, गाडी जमिनीपासून उचलावी लागते. यंत्र वाढले की वजन वाढते, वजन वाढले की कमानी व टायर भक्कम लागतात, त्यांनी पुन्हा वजन वाढते. उंच गाडीवर उंच घर ठेवले की तोल वर सरकतो आणि उतारावर कलंडण्याचे भय उभे राहते.

आपल्या काळ्या मातीचा स्वभाव तर सर्वांना ठाऊकच आहे. बीदरच्या पठारावरील तांबड्या जांभ्यात पाणी मुरून जाते. खाली काळ्या रानात उतरले की ओल धरलेली माती फुगते, टायरच्या खाचा भरून टाकते आणि रबरी चाक दगडी पाट्यासारखे गुळगुळीत होते. अशा वेळी चारही चाके फिरली तरी चारही जागच्या जागीच फिरतात, आणि गाडी जितकी जड तितकी खोल रुतते. तेथे बळापेक्षा हलकेपणा अधिक कामास येतो. म्हणून ज्यांना दोन्ही हवे त्यांना हलक्या पण मजबूत, म्हणजेच महाग, धातूंचा व द्रव्यांचा आश्रय घ्यावा लागतो.

आणखी एक अडचण बाहेरून दिसत नाही. खाचखळग्यातून जाताना गाडीचा लोखंडी सांगाडा पिळवटतो. एक चाक वर, दुसरे खाली. जुन्या बैलगाडीचे लाकूड करकरत का होईना, पण हा पीळ सोसत असे. घराची पेटी मात्र ताठ असते. ती सांगाड्याला चारी बाजूंनी घट्ट आवळली तर तिचे सांधे उकलतात, दारे अडकतात, पाण्याच्या नळ्या फुटतात. म्हणून ती मोजक्या बिंदूंवर, हालचालीला वाव ठेवून बसवावी लागते. हे काम अनुभवी कारागीर एकेका गाडीवर हाताने करतात, आणि हातकामाला ठोक भाव नसतो.

येथे किमतीचे खरे मर्म येते. समजा, नव्या नमुन्याचे आराखडे, साचे आणि सरकारी चाचण्या यांवर एक कोटी रुपये लागले. गाड्या दोन हजार खपल्या तर प्रत्येकीवर पाच हजारांचा बोजा पडेल. वीसच खपल्या तर पाच लाखांचा. गाडी तीच, लोखंड तेच. पेरणीचे निवडक बियाणे आणि गंजातील ठोक माल यांच्या भावात जे अंतर असते त्याच जातीचे हे अंतर आहे.

मोटारधंदा आपल्या समाजाला परका नव्हे. सोलापूरच्या दिगंबर जैन घराण्यात १८८२ साली जन्मलेल्या शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. अहमदनगरच्या नवलमल कुंदनमल फिरोदिया यांनी पुढाकार घेऊन १९५८ मध्ये बजाज टेंपो उभी केली. आजची फोर्स मोटर्स तीच. या पुरुषांनी कोणती वाहने निवडली ते पाहावे. हजारोंच्या उपयोगी पडेल, गल्लीबोळांतून माल वाहील, कोपऱ्यावरचा मिस्त्री दुरुस्त करील अशी. साहसाची त्यांना वाण नव्हती, परंतु मूठभर हौशी गिऱ्हाइकांवर कारखाना चालत नाही हे त्यांना पक्के ठाऊक होते.

परदेशातही वेगळे घडलेले नाही. जर्मनीतील फोक्सवॅगनने १९८० च्या दशकात आपल्या व्हॅनला चारही चाकांची गती देऊन 'सिन्क्रो' हा प्रकार काढला. तो ऑस्ट्रियातील ग्राट्स येथे श्टायर-डायम्लर-पुख यांच्या कारखान्यात जुळविला जाई. १९९२ मध्ये तो बंद झाला. घराची सोय असलेली जुनी सिन्क्रो आज तिकडचे शौकीन मोठी रक्कम मोजून घेतात, कारण मागणी थोडी असली तरी पुरवठा त्याहूनही थोडा आहे. उनिमोगचा इतिहास तर आपल्यासारख्या धान्यवाल्यांनी मुद्दाम ऐकावा असा आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीत ते शेतीचे वाहन म्हणून जन्मले. बटाट्याच्या दोन सऱ्या चाकांमध्ये बसाव्यात म्हणून दोन चाकांतील अंतर १२७० मिलिमीटर ठेविले होते. १९५१ मध्ये डायम्लर-बेन्झने त्याचे उत्पादन आपल्याकडे घेतले. आज जगातील धनिक प्रवासी ज्या वाहनावर फिरते घर बांधून वाळवंटे ओलांडतात, त्याचे मूळ हे असे बटाट्याच्या शेतात आहे. शेती, लष्कर व अग्निशमन यांसाठी ते बनते म्हणूनच ते टिकले. केवळ प्रवाशांच्या भरवशावर ते जगले नसते.

मग तिकडची जुनी गाडी येथे का आणू नये, असे एका तरुण सभासदाने विचारले. आपल्या आयात नियमांप्रमाणे वापरलेली मोटार तीन वर्षांहून जुनी नसावी व तिचे सुकाणू उजव्या हाताचे असावे लागते; शिवाय जकात जबर. येथेच एखाद्या गॅरेजात जुन्या गाडीवर घर चढवावे, तर मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ आडवे येते. मूळ निर्मात्याने ठरविलेल्या तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. असा बदल केलेल्या गाडीला अपघात झाल्यास विम्याचे काय होईल याचाही विचार व्हावा. मोटार कॅरव्हॅनसाठी एआयएस १२४ हे निराळे मानक आहे, आणि त्यानुसार मान्यता मिळविण्याचा खर्च शेवटी गिऱ्हाइकाच्याच पदरात पडतो. नियम जाचक वाटतात खरे; परंतु गॅसचे सिलिंडर व झोपलेली माणसे एकाच पेटीत बंद करून रस्त्यावर धावविताना कोणीतरी जाच केलेला बरा.

आता आपल्या मुलखाकडे वळू. चिखलवाटेवरचे फिरते घर दख्खनला नवे नाही. सतराव्या शतकात हिंदुस्थानात फिरलेल्या ताव्हेर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याने दहा-दहा, बारा-बारा हजार बैलांचे धान्य-मीठ वाहणारे तांडे वर्णिले आहेत. लमाणांची बायकामुले, चूल, बिऱ्हाड सारे त्या तांड्याबरोबर चाले. चिंचोळीकडील तांडे आजही त्या वैभवाची आठवण देतात. आपल्या धंद्याचे ते पूर्वजच म्हणावयाचे. त्यांचे तंत्र कोणते होते? त्यांनी एकाच बलाढ्य जनावरावर घर, माल आणि माणसे लादली नाहीत. ओझे वाटून दिले. प्रत्येक बैलाच्या पाठीवर त्याला झेपेल तेवढेच. म्हणून त्यांना सडक लागली नाही.

आपल्या गरजेचे मोजमापही याच रीतीने व्हावे. काळी वाट खरोखर बंद पडते ती पावसाळ्यात, आणि त्याच काळात दोन्ही आम्नायांचे साधुसाध्वी चातुर्मासानिमित्त एका स्थानी स्थिर असतात. ओल्या भूमीवर जीवांची उत्पत्ती अधिक, म्हणून त्या काळात विहार करू नये ही आपली परंपरा. ज्या महिन्यांत त्यागी एक पाऊल उचलीत नाहीत, त्याच महिन्यांत तो चिखल तुडविण्याचे सामर्थ्य आपण जादा पैसे मोजून विकत घ्यावे, यात मला विसंगती दिसते. अवकाळी पावसाचे चार दिवस उरतात. ते थांबून काढता येतात.

तीर्थांचे म्हणाल तर मळखेड, कमठाणा, कुंथलगिरी, कुंभोज, श्रवणबेळगोळ, सर्वत्र डांबरी सडक पोहोचली आहे. विंध्यगिरीच्या सहाशेहून अधिक पायऱ्यांपुढे चारही चाकांचे बळ असलेली गाडीसुद्धा पायथ्याशीच उभी राहणार. २०१७ मध्ये बीदर-कलबुर्गी रेल्वेही सुरू झाली. जिथे रस्ते सुधारतात तिथे चिखलगाडीची मागणी घटते आणि तिची किंमत आणखी चढते.

मात्र दुसरी गरज खरी आहे आणि तिच्याकडे आपले दुर्लक्ष झाले आहे. चौक्यात पहाटेपासून राबणाऱ्या भगिनी रात्री कोठे निजतात? शाळेच्या ओसरीवर, कोणाच्या गोदामात, कधी टेंपोतच भांड्यांच्या शेजारी. शौचाला अंधारात दूर जावे लागते. सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपावयाचे असल्याने मुक्काम गाठण्याची घाई होते, आणि हमरस्त्यावरची घाई कशी भोवते हे वेगळे सांगावयास नको. फिरत्या घराचा खरा उपयोग या भगिनींना आहे. त्यांना काय हवे ते ठरविण्याकरिता समिती नेमली जाईल तेव्हा तीत निम्म्या तरी श्राविका असाव्यात. आजवर या विषयावर बोलणारे सारे पुरुषच आहेत.

माझे मत असे की, मंडळाने मान्यताप्राप्त निर्मात्याकडून साध्या, मागच्या चाकांच्या गतीच्या सांगाड्यावर बांधलेले एकच फिरते घर घ्यावे. त्यात गालिचे, दूरदर्शन, वातानुकूलन यांवर खर्च करू नये. पाण्याची टाकी स्टीलची व धुता येईल अशी, शौचकूप स्वच्छ, चौक्याची भांडी ठेवावयास निराळे कप्पे, आणि निजण्याच्या चार जागा, इतके पुरे. ते सडकेच्या कडेला सुरक्षित जागी उभे राहील. तेथून आत दोन-तीन कोस जावयाचे असेल तर कोणाची तरी शेतावरची जीप किंवा ट्रॅक्टर त्या दिवसापुरता भाड्याने घ्यावा. हंगाम नसताना तो गावोगावी मिळतो. वाचलेल्या पैशांपैकी काही विहारमार्गावरील मुक्कामाच्या जागी शौचालये व पत्र्याची शेड उभारण्यास द्यावेत, काही पहाटेच्या विहारात बरोबर चालणाऱ्या स्वयंसेवकांच्या चकाकत्या जाकिटांना व दिव्यांना.

चालकाचा पगार, विमा, टायर व दुरुस्ती यांचा वार्षिक अंदाज खरेदीपूर्वीच सभासदांसमोर ठेवावा. विहार नसेल तेव्हा सभासद-कुटुंबांना यात्रेसाठी गाडी द्यावी, पण देखभालखर्च त्यांच्याकडून मंडळाच्या खात्यात आगाऊ जमा करून घ्यावा, उधारी नको.