बिनरव्याची सुरमई

दुपारी एकच्या सुमारास ठाण्यातल्या वागळे इस्टेटमधल्या कंपन्यांच्या फाटकांतून माणसं जेवायला बाहेर पडतात. वर्कशॉपमधला कामगार, आयटी पार्कमधली मुलगी, पासपोर्ट सेवा केंद्रात तारीख मिळाली म्हणून लांबून आलेलं कुटुंब, सगळ्यांसमोर साधारण तेच येतं : वडापाव, मिसळ, राइसप्लेट, पुलाव. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ मध्ये सुरू झालं, तेव्हापासूनची ही औद्योगिक वसाहत. कमी पैशांत आणि अर्ध्या तासात पोट भरायचं, हा इथल्या जेवणाचा हिशोब. तो सगळा धान्यावर आणि डाळींवर उभा आहे. मग ज्यानं या दोन्ही गोष्टी सोडल्यात, त्यानं जेवायचं कुठे?

शेतीच्या आधी माणूस जे खात होता तेवढंच खायचं, या कल्पनेवर पॅलिओ आहार उभा आहे. मांस, मासे, अंडी, भाज्या, फळं, कंद, सुकामेवा चालतो. गहू, तांदूळ, ज्वारी, डाळी, दूध-दही, साखर चालत नाही. शेंगदाणाही नाही, कारण तो कडधान्यांच्या कुळातला. बॉइड ईटन आणि मेल्विन कॉनर या अमेरिकी संशोधकांनी १९८५ मध्ये यावर लेख लिहिला आणि लॉरेन कॉर्डेन यांच्या २००२ मधल्या पुस्तकानं तो विषय सामान्य वाचकांपर्यंत नेला. आपल्याकडे डॉ. श्रीकांत जिचकार आणि पुढे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांच्यामुळे आहाराची चर्चा लग्नाच्या पंगतीपर्यंत पोहोचली आहे. पण त्यांच्या पद्धतीचा मुख्य भर दिवसातून किती वेळा जेवायचं यावर. ती पाळणारा माणूस कुठल्याही खानावळीत थाळी घेऊन बसू शकतो. पॅलिओवाल्याला मात्र ताटातली प्रत्येक वाटी तपासावी लागते.

त्यासाठी ‘पॅलिओ’ अशी पाटी लावलेलं हॉटेल शोधत हिंडण्यात अर्थ नाही. अॅपवर ‘कीटो’ म्हणून शोधलं तर पदार्थ सापडतात, पण त्यांत पनीर आणि चीज भरपूर. शोधायची ती अशी जागा, जिथे ऑर्डर दिल्यावर पदार्थ तव्यावर पडतो. आधीच शिजवून ठेवलेल्या पातेल्यातून काही काढता येत नाही. तव्यावर जाण्याआधी मात्र सांगता येतं.

ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या पट्ट्यात ही सोय मालवणी खानावळींत आहे. सुरमईची तुकडी मीठ, हळद, आगळ आणि मसाला लावून मुरत ठेवलेली असते. मागणी आली की ती रव्याच्या ताटलीत दोन्ही बाजूंनी घोळवायची आणि तव्यावर टाकायची. म्हणजे धान्य तिला लागतं ते अगदी शेवटच्या अर्ध्या मिनिटात. ‘रवा लावू नका’ एवढं वेळेवर सांगितलं की झालं. बिनरव्याचा मासा तव्याला धरतो, म्हणून तेल थोडं जास्त सोडावं लागतं आणि उलटताना घाई चालत नाही. भर गर्दीत आचाऱ्याला हे परवडत नाही. साडेबाराच्या आत किंवा दोननंतर गेलेलं बरं. बोंबलाचं वेगळं आहे. तो पाणीदार मासा, रव्याशिवाय तव्यावर मोडतो. त्यापेक्षा बोंबलाचं आंबट-तिखट मागवावं.

तिसऱ्यांचं सुकं, कोळंबी मसाला, सुकं मटण यांचं वाटण कांदा-खोबऱ्याचं; त्याला पीठ लागत नाही. सोबत सोलकढी. आमसुलाचं पाणी, ताज्या खोबऱ्याचं दूध, लसूण, मिरची, कोथिंबीर : यात एकही गोष्ट पॅलिओच्या नियमात अडत नाही. फक्त ती ओल्या खोबऱ्याची आहे का, हे विचारावं. नारळाच्या दुधाच्या पावडरीत अनेकदा माल्टोडेक्स्ट्रिन आणि दुधातलं कॅसिनेट असतं.

बाकी ठिकाणी विचारपूस वाढते. तंदुरी चिकन दह्यात मुरवलेलं, कबाबाला बऱ्याचदा बेसन, चायनीजमध्ये कॉर्नफ्लोअर आणि गव्हाचा अंश असलेला सोया सॉस. बांधानी हिंगाच्या डबीवरचे घटक वाचले तर त्यातही बऱ्याचदा मैदा निघतो. आणि सकाळ सगळ्यात कठीण. पोहे, उपमा, इडली, डोसा, मिसळ, वडा, नाश्त्याची सगळी पाटीच धान्याची आणि डाळीची. ऑम्लेट पावाशिवाय घ्यायचं किंवा घरून खाऊन निघायचं, एवढंच हातात उरतं.

शाकाहारी माणसासाठी हे खरोखरच अवघड आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. उडप्याच्या खोबऱ्याच्या चटणीत डाळं असतं, भरल्या वांग्यात आणि कोशिंबिरीत दाण्याचं कूट. उपवासाच्या पदार्थांत गहू, तांदूळ, डाळी नसतात म्हणून आशा वाटते, पण तिथेही वरई, दाणे, दही आहेतच. रताळ्याचा कीस बिनकुटाचा करून मिळाला, भाजल्या वांग्याचं भरीत बिनदह्याचं मिळालं, तर दिवस निभावतो. महिनोन्‌महिने बाहेर जेवणाऱ्या शाकाहारी माणसानं हा आहार घेऊच नये, असं स्पष्ट सांगायला हवं.

पैशाचा प्रश्न याहून मोठा. थाळीचा दर ठरलेला. त्यात पोट भरतं ते चपाती-भातानं. ते नको म्हटलं तरी पैसे पूर्ण द्यावे लागतात, आणि एका तुकडीवर भूक भागत नाही म्हणून वर दुसरी घ्यावी लागते. पगारदार इंजिनीअरला हे जमेल, हेल्परला नाही. खानावळींनी चपाती-भाताऐवजी दोन उकडलेली अंडी किंवा जास्तीची भाजी, असा एक पर्याय फळ्यावर लिहिला तर मधुमेहामुळे भात कमी केलेल्या कितीतरी गिऱ्हाइकांचीही सोय होईल.

नियम किती ताणायचा, याचाही विचार व्हावा. ईशान्य जॉर्डनमधल्या सुमारे १४,४०० वर्षांपूर्वीच्या चुलींत पावाचे जळके तुकडे सापडल्याचं २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं. तिथली शेती त्यानंतर काही हजार वर्षांनी आली. निअँडरथलांच्या दातांवरच्या किटणातही शिजवलेल्या धान्याचे स्टार्चकण मिळाले आहेत. तेव्हा माशाला चुकून रवा लागला म्हणून कुणी ताट सारून उठू नये. सिलिअॅकचा आजार असलेल्यांची गोष्ट निराळी : त्यांना गव्हाचा कणही बाधतो, आणि एकाच तव्यावर आधी रवा लावलेला मासा भाजला असेल तर तोही धोकाच. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकदम धान्य बंद करू नये. औषधाची मात्रा तीच आणि जेवणात पिष्ट नाही, अशा वेळी साखर धोकादायक इतकी खाली जाऊ शकते.

ठाण्याहून कोकणात निघालेल्यानं उकडलेली अंडी, केळी, काजू आणि खोबऱ्याचे काप डब्यात घ्यावेत; चिक्की नको, ती दाणे आणि गुळाची. मालवणात उतरल्यावर जेवणाची चिंता नाही. अडचण जून-जुलैत, मासेमारी बंद असताना. तेव्हा खाडीतले खेकडे, सोडे आणि सुके बोंबील कामाला येतात. इकडे ठाण्याच्या बाजारात पावसाच्या तोंडावर आदिवासी बायका शेवळं ही रानभाजी घेऊन बसतात. शेवळांची खाज मारायला काकडं ही फळं लागतात, आणि सोडे किंवा कोळंबी घालून केलेली शेवळाची भाजी धान्याशिवायही पोटभर होते. हॉटेलात ती क्वचितच मिळते. घरगुती जेवण करून देणाऱ्या बाईंना मात्र दोन दिवस आधी सांगून ठेवलं, तर त्या बाजारातून जुडी आणून ती करून देऊ शकतात.