“काहीच दिलं नाही हो डॉक्टरांनी!”

“ताई, एवढं भाडं खर्चून महाडला नेलं बाळाला, आणि डॉक्टरांनी काहीच दिलं नाही हो! नुसतं नाकात घालायचं मिठाचं पाणी दिलंय.”

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आंबेनळी घाटाच्या पायथ्याच्या एका वाडीतली सून मला फोनवर सांगत होती. बाळ चार महिन्यांचं. दोन दिवस सर्दी, मग खोकला, मग छातीत सूं-सूं आवाज. मागून सासूबाईंचा आवाज येत होता, “सुई नाही, वाफ नाही, कसला डॉक्टर तो!” मुलाचे वडील मुंबईला कामाला. ते तिकडून फोन करून विचारत होते, की मशीन का नाही लावलं?

मैत्रिणींनो, त्यांचा राग मला कळत होता. माझ्या मुलालाही २००५ साली, तो सहा महिन्यांचा असताना, अस्संच झालं होतं. तेव्हा आमच्या डॉक्टरांनी वाफेचं मशीन लावलं, छाती मोकळी करायचं गोड औषध दिलं, वर अँटिबायोटिक दिलं. आठ-दहा दिवसांनी मुलगा बरा झाला आणि ते डॉक्टर आमच्या घरात देवमाणूस ठरले. मग वीस वर्षांत असं काय झालं, की तेव्हा दिलेलं सगळं आता नको म्हणतात?

म्हणून ओळखीच्या बालरोगतज्ज्ञांना गाठून समजून घेतलं. मी आर्ट्‌सची पदवीधर, त्यामुळे त्यांना तेच तेच तीनदा विचारलं.

या आजाराला ब्रॉन्किओलायटिस म्हणतात. दोन वर्षांच्या आतल्या, त्यातही वर्षाच्या आतल्या बाळांना तो होतो. बहुतेक वेळा आरएसव्ही नावाचा विषाणू कारण असतो. मोठ्या माणसाला त्याने नुसती सर्दी होते. बाळाच्या फुप्फुसातल्या अगदी टोकाच्या, सुतासारख्या बारीक नळ्या मात्र आतून सुजतात आणि चिकट पाण्याने भरतात. दम्यामध्ये नळीभोवतीचे स्नायू आवळलेले असतात, म्हणून ते सैल करणारं साल्ब्युटामॉल तिथे उपयोगी पडतं. इथे नळी मुख्यतः सूज आणि चिकट्याने बंद झालेली असते. मग स्नायू सैल करून काय मिळणार? आणि विषाणूवर अँटिबायोटिक चालतच नाही.

अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००६ मध्ये नियमावली काढली, तेव्हा ‘साल्ब्युटामॉलची वाफ एकदा देऊन बघा, फरक पडला तरच पुढे द्या’ एवढी मुभा ठेवली होती. २०१४ च्या नियमावलीत तीही काढली. वाफेचं औषध नको, स्टिरॉइड नको, छाती थापटणं नको, जिवाणूंचा संसर्ग असल्याशिवाय अँटिबायोटिक नको. २०१५ मध्ये ब्रिटननेही साधारण तेच सांगितलं. औषध दिलेली बाळं आणि न दिलेली बाळं सारख्याच दिवसांत बरी होतात, हे अनेक अभ्यासांत दिसलं होतं. औषधाने मात्र बाळाची छाती धडधडते, हात थरथरतात. म्हणजे माझा मुलगा २००५ साली बरा झाला, तो आपला आपणच झाला असणार. आमच्या डॉक्टरांना दोष नाही. त्या वेळी तसंच करत होते.

खोकल्याच्या पातळ औषधांचंही तेच. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राच्या औषध नियंत्रकांनी क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिन हे सर्दीच्या औषधातलं जोडमिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असं बजावलं. २०२५ मध्ये मध्य प्रदेशात छिंदवाड्याकडे विषारी डायएथिलीन ग्लायकोल मिसळलेल्या खोकल्याच्या औषधाने मुलं दगावली. त्यातली कितीतरी उपचारासाठी आपल्या नागपुरात आणली होती. त्यानंतर ऑक्टोबरमध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने सांगितलं, की दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊच नयेत, आणि पाच वर्षांपर्यंतही सहसा नकोत. तरी कुणाच्या फडताळात मोठ्या भावंडाची उरलेली बाटली नाही, सांगा बरं!

इथपर्यंत मला पटलं. पण वाडीतली गोष्ट इथे संपत नाही.

सासूबाईंनी दुसऱ्या दिवशी बाळाला दुसऱ्या दवाखान्यात नेलं. तिथे वाफ मिळाली, स्टिरॉइडचं औषध मिळालं, अँटिबायोटिक मिळालं. घर खूश. वडिलांनी मुंबईहून वाफेचं मशीन विकत घेऊन गाडीने पाठवलंसुद्धा. चौथ्या रात्री बाळाने अंगावर प्यायचं सोडलं. दोन घोट घेई आणि दमून तोंड बाजूला करी. बरगड्यांच्या खाली खड्डा पडत होता. आपल्या म्हाताऱ्या बायका ‘पोट उडतंय’ म्हणतात, कुणी ‘डबा झाला’ म्हणतं, ते हेच. मशीन चालू होतं, औषधं पोटात होती, आणि बाळाचे ओठ काळसर दिसायला लागले. बाहेर पाऊस आणि धुकं. आंबेनळीच्या रस्त्याची कथा तुम्हाला सांगायला नको. जुलै २०२१ मध्ये दरडी कोसळून तो बंदच पडला होता, नि त्याच दिवसांत महाडला पूर आणि तळियेचा घात झाला होता. तेव्हापासून रात्रीच्या पावसात घराबाहेर पडायचं म्हटलं की आमच्याकडच्या माणसांच्या पोटात गोळा येतो. शेजाऱ्याच्या पिकअपमधून बाळाला वाडीतून खाली आणलं, तिथून १०८ मिळाली.

इस्पितळात काय केलं? नाक साफ केलं, ऑक्सिजन लावला, नळीने आईचं दूध पाजलं. बाकीची औषधं थांबवली. तिसऱ्या दिवशी बाळ पुन्हा अंगावर प्यायला लागलं.

म्हणजे पहिले डॉक्टर बरोबर होते. हो, पण माझ्या मते अर्धेच. हा आजार तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सगळ्यात जास्त चढतो, मग उतरतो, आणि खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळतो. ही गोष्ट त्या सुनेला कुणी नीट सांगितलीच नव्हती. ‘वाढलं तर घेऊन या’ हे वाक्य मुंबईत ठीक आहे, खाली उतरलं की रिक्षा. घाटाखालच्या वाडीत ‘वाढलं’ म्हणजे नेमकं काय, आणि ते रात्री दोनला वाढलं तर काय, हे सांगितल्याशिवाय ती सूचना पुरी होत नाही. औषध कमी झालं की लक्ष ठेवण्याचं काम वाढतं, आणि ते काम कुणाच्या गळ्यात पडतं? आईच्या. आधीच्या दोन रात्री जी झोपलेली नाही तिच्या. दूर राहणाऱ्या, खूप लहान किंवा अपुऱ्या दिवसांच्या बाळाला डॉक्टरांनी एक-दोन दिवस दवाखान्याजवळच ठेवून घ्यावं, असं मला फार वाटतं.

आता यातली एक गुंतागुंत. गावातल्या आशाताईला शिकवलंय, की खोकणाऱ्या बाळाचे श्वास पूर्ण एक मिनिट मोजायचे. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त, म्हणजे न्यूमोनियाचा संशय. ही पद्धत गावात रुजू शकते हे दाखवून देण्यात आपल्या महाराष्ट्राचा मोठा वाटा आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने १९८८ पासून गावातल्याच माणसांना, दायांना न्यूमोनिया ओळखायला आणि कोट्रायमोक्साझोल द्यायला शिकवलं, आणि बालमृत्यू उतरले. बारापलीकडे मोजता न येणाऱ्या दायांसाठी त्यांनी एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मणी लावलेलं साधन केलं होतं. दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ मध्ये नियम बदलले आणि कोट्रायमोक्साझोलऐवजी अमॉक्सिसिलिन आलं.

पण ब्रॉन्किओलायटिसच्या बाळाचाही श्वास जोरातच चालतो ना! मग आशाताई मोजून म्हणते न्यूमोनिया, अँटिबायोटिक हवं. आणि महाडचे डॉक्टर छाती तपासून म्हणतात, नको. आईने कुणाचं ऐकायचं? मी हे विचारलं तेव्हा डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. जिथे तपासायला कुणी नाही, तिथे खरा न्यूमोनिया हातचा सुटला तर मूल जातं. म्हणून चार बाळांना गरज नसताना औषध गेलं तरी तो नियम चालवून घेतात. जिथे डॉक्टर बाळाला समोर बघतोय, तिथे त्याने फरक करायलाच हवा. मला हे उत्तर प्रामाणिक वाटलं. फक्त ते आईपर्यंत पोचत नाही, आणि ती समजते की एकजण अडाणी आहे किंवा दुसरा कंजूष.

आशाताईच्या भेटींचंही बघा. जन्मानंतर ४२ दिवसांपर्यंत त्या ठरलेल्या दिवशी येतात. पुढे २०१८ पासूनच्या योजनेत तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात. आमचं बाळ चार महिन्यांचं, बरोबर दोन भेटींच्या मध्ये सापडलेलं. बोलावलं असतं तर ताई आल्या असत्या. बोलवायचं कुणाला सुचलं नाही.

काय बघायचं ते मी आता प्रत्येक बचतगटाच्या बैठकीत सांगते. नेहमीच्या निम्म्याहून कमी पितंय का? बारा तासांत लंगोट ओला झाला का? बरगड्या आत ओढल्या जातात का, कण्हतंय का, श्वास मध्येच थांबतोय का, ओठ निळे-काळे पडलेत का? यातलं एक जरी असलं तरी उजाडायची वाट बघायची नाही. करोनात घेतलेलं बोटाला लावायचं ऑक्सिमीटर तान्ह्या बाळाच्या बोटाला नीट बसत नाही, त्याच्या आकड्यावर विसंबू नका. थोडं थोडं, पुन्हा पुन्हा पाजा. पाजण्याआधी नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब घाला, मेडिकलमध्ये मिळतात. आणि धुरी? ओवा-वावडिंगाची धुरी द्यायला मी स्वतः माझ्या आईला मदत केलीय. पण सुजलेल्या नळीला धूर तो धूरच, चुलीचा असो, बिडीचा असो की ओव्याचा. हे सांगितलं की म्हाताऱ्या माझ्याकडे ज्या नजरेने बघतात!

परदेशात २०२३ पासून गर्भवतीला देण्याची आरएसव्हीची लस आणि बाळाला द्यायचं एक इंजेक्शन आलंय. आपल्या सरकारी लसीकरणात ते नाही. तोवर हात धुणं आणि सर्दी झालेल्या पाहुण्यांना बाळाचा मुका घेऊ न देणं, एवढंच हातात आहे. आणि दुसरं काम पहिल्यापेक्षा कठीण.

परवा त्या वाडीत गेले होते. बाळ आता बसायला लागलंय, गुटगुटीत आहे. मुंबईहून आलेलं मशीन फडताळात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवलंय. सासूबाई म्हणाल्या, “बाळ त्यानंच वाचलं.” सून माझ्याकडे बघून काही बोलली नाही. तेवढ्यात शेजारच्या घरातली मुलगी दारात आली. तिच्या बाळाला कालपासून खोकला आहे, मशीन मिळेल का, विचारत होती. मी चहा तसाच ठेवला आणि तिच्याबरोबर आधी बाळ बघायला गेले. घड्याळ काढलं आणि बाळाचे श्वास मोजायला बसले.