आईचे म्हणणे

आईवरची मराठीतली दोन मोठी पुस्तके नाशिकशी जोडलेली आहेत आणि दोन्ही जवळजवळ एकाच वेळची आहेत. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहायला घेतले ते नाशिकच्या तुरुंगात, फेब्रुवारी १९३३ मध्ये. पाच दिवसांत त्याचा बहुतेक भाग लिहून झाला. पुढच्याच वर्षी लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग निघाला. लक्ष्मीबाईंचा जन्म नाशिकजवळच्या जलालपूरचा आणि १९३६ मध्ये त्या गेल्या तेही नाशिकलाच. शेवटचा भाग त्यांच्या मागे मुलाने, देवदत्ताने, पुरा केला.

पहिले पुस्तक घरोघरी गेले. आचार्य अत्र्यांनी त्यावर चित्रपट काढला आणि त्याला राष्ट्रपतींचे सुवर्णपदकही मिळाले. दुसऱ्याला जाणकारांनी डोक्यावर घेतले, पाठ्यपुस्तकांनी त्यातले उतारे घेतले. पण आईचा विषय निघाला की ते कुणाच्या तोंडी येत नाही. कारण शोधायला लांब जायला नको. पहिल्यात मुलगा आईविषयी सांगतो, दुसऱ्यात आई स्वतःच बोलते, आणि आईविषयी ऐकायला आपल्याला जितके आवडते तितके आईचे ऐकायला आवडत नाही.

लक्ष्मीबाईंनी सांगितलेला संसार देव्हाऱ्यात बसणारा नाही. पदरी लहानगा देवदत्त आणि नवरा १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेला. नवऱ्याकडे जावे तर धर्म जातो, न जावे तर संसार. आणि दोन्हीकडे पोराचे काय, हा घोर आहेच. ती ताटातूट काही वर्षे चालली. पुढे एकत्र घर मांडले, तर हाती आलेला पैसा दुसऱ्याच्या अडचणीला देऊन मोकळ्या हाताने परतणारा नवरा आणि घरात सतत निराधार मुलांचा राबता. या सगळ्यावर त्या रडतात, भांडतात, रुसतात आणि पुढच्याच पानावर खो खो हसायला लावतात. पोटच्या लेकरांच्या मृत्यूचे दुःख आणि चुलीपुढची फजिती त्या एकाच सुरात सांगतात. आई झाली म्हणून बाईचा राग, भीती आणि विनोदबुद्धी संपत नाही, हे त्यांनी नव्वद वर्षांपूर्वी छापून ठेवले.

यात गुरुजींचा दोष काडीचाही नाही. श्यामच्या घरचे कर्ज, सावकाराचा तगादा, दुखणी अंगावर काढत झिजलेली बाई, सारे त्यांनी लिहिले आहे. वाचणारे आपण. डोळे पुसतो आणि पुस्तक मिटतो. त्या बाईला औषध का मिळाले नाही, कर्ज केले कुणी आणि भोगले कुणी, हे विचारायचे राहून जाते. दुःखाला एकदा त्याग म्हटले की नमस्कार करून भागते. तेच दुःख आईने आपल्या तोंडाने सांगितले की ती तक्रार होते आणि तक्रारीला उत्तर द्यावे लागते.

आजच्या नाशिकमध्ये अशा तक्रारी कमी नाहीत. दिंडोरी, निफाडच्या द्राक्षबागांत घड विरळ करण्याच्या आणि द्रावणात बुडवण्याच्या (थिनिंग-डिपिंगच्या) दिवसांत सुरगाणा-पेठकडून बायांच्या टोळ्या येतात. मांडवाखाली साडीच्या झोळीत पोर निजलेले असते. आईचे हात घडात, कान झोळीकडे. पोर रडले तर त्याला रडू द्यायचे की रोज बुडवायचा, हा तिचा दिवसभराचा हिशेब. पन्नास किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघर हवे, असे कायदा २०१७ पासून सांगतो. बागेतली रोजंदारीची टोळी त्या हिशेबात येत नाही. इकडे कॉलेज रोडला क्लास सुटेपर्यंत स्कूटरवर बसून फोनवर ऑफिसचे काम उरकणाऱ्या आया दिसतात. त्यांचे दुःख झोळीइतके जड नाही, हे खरे. पण ‘एवढं सगळं कसं जमवतेस गं?’ असे कौतुक त्यांच्याही वाट्याला येते आणि घरातले एकही काम मात्र कुणी उचलत नाही.

महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे सरकारी कागदपत्रांत आधी आईचे नाव येते, मग वडिलांचे. निर्णय चांगला आहे. मात्र कागदावर नाव आले म्हणजे घरात शब्दाला वजन आले, असे होत नाही. मूल कधी हवे, नोकरी सोडायची की धरायची, म्हाताऱ्यांचे दुखणे कुणी काढायचे, पगारातले किती कुठे जायचे, या बैठकीत ती अजून चहा घेऊनच येते.

मुलांमुळे मिळणारा आनंद आयांना कुणी शिकवायला नको. पोराच्या पहिल्या पगाराने, लेकीच्या एका फोनने त्यांचा आठवडा गोड जातो. तो आनंद खरा आहे, म्हणूनच त्याच्या आड बाकीचे झाकणे सोपे जाते. मातृदिनाला आईवर चार ओळी लिहिण्याऐवजी तिलाच विचारावे, ‘तुझं काय म्हणणं आहे?’ उत्तर बहुधा खर्चाचे निघेल: कुठे पाळणाघर, कुठे अर्धे काम, कुठे घरावर नाव. तो खर्च टळतो आहे, तोवर आपली मातृभक्ती आपल्याला फार स्वस्तात पडते आहे.