तोळे मोजले, भाकऱ्या राहिल्या

२२ सप्टेंबरला सातारा-सांगली भागातल्या एखाद्या मोठ्या गावात सकाळी सकाळी लेझमाचा आवाज आला, तर बहुधा ती रयत शिक्षण संस्थेच्या शाळेची मिरवणूक असते. पुढे सजवलेल्या ट्रॅक्टरवर कर्मवीर भाऊराव पाटलांची प्रतिमा, मागे गणवेशातल्या मुलामुलींच्या लांबच लांब रांगा. मग मैदानावर भाषणं. पाहुणे शाहू महाराजांपासून सुरुवात करतात, 'कमवा आणि शिका'वर येतात, वटवृक्षाचं बोधचिन्ह समजावून सांगतात. मध्येच कुठेतरी आवाज जरा खाली आणून भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी बोर्डिंगच्या पोरांसाठी गळ्यातलं मंगळसूत्रसुद्धा विकल्याचं सांगतात. टाळ्या पडतात. पाहुणे पुन्हा अण्णांकडे, म्हणजे भाऊरावांकडे, वळतात.

लक्ष्मीबाईंच्या वाट्याला येतात ती ही दोन मिनिटं. ती खोटी नाहीत, पण फार अपुरी आहेत.

भाऊरावांचा जन्म याच तारखेचा, १८८७ सालचा, कोल्हापूरजवळच्या कुंभोजचा. घराणं जैन, मूळ गाव ऐतवडे बुद्रुक. कोल्हापुरात शिकताना शाहू महाराजांचा प्रभाव पडला आणि सत्यशोधक विचार अंगात भिनला. १९१४ मध्ये कोल्हापुरात पुतळ्याला डांबर फासल्याचं प्रकरण झालं. त्यात समाजसुधारक अण्णासाहेब लठ्ठ्यांविरुद्ध खोटी साक्ष द्यायला भाऊरावांनी नकार दिला आणि तुरुंग भोगला. पुढे ओगल्यांचे कंदील, किर्लोस्करांचे नांगर आणि साताऱ्याच्या कूपर कारखान्याचा माल विकत ते गावोगाव हिंडले. नांगर विकणारा माणूस शेतकऱ्याच्या ओसरीवर बसतो, त्याला घरातली पोरं दिसतात, आणि त्यातलं एकही शाळेत जात नाही हेही दिसतं. भाऊरावांची शिक्षणाची पाहणी अशी फिरत्या विक्रेत्याच्या पायांनी झाली. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातल्या काले गावी, सत्यशोधक समाजाच्या परिषदेत, रयत शिक्षण संस्था स्थापन झाली.

१९२४ मध्ये संस्था साताऱ्याला आली. सगळ्या जातिधर्मांच्या मुलांनी एकत्र राहायचं, एकत्र जेवायचं, असं वसतिगृह सुरू झालं. मराठ्यांची, महारांची, मांगांची, जैनांची, मुसलमानांची पोरं एका पंगतीला बसू लागली. त्या काळच्या सातारा शहराला हे सहज पचणारं नव्हतं. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहाला 'श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' हे नाव मिळालं.

या पंगतीला वाढत होतं कोण?

लक्ष्मीबाई कुंभोजच्याच, खात्यापित्या घरच्या. सोवळंओवळं घरोघर पाळलं जात होतं तो हा काळ. अशा घरातल्या सुनेने सगळ्या जातींच्या पोरांना एकाच चुलीवरचं जेवण घालायचं, हा बदल व्यासपीठावरून ठराव मांडण्याइतका सोपा नव्हता. भाऊराव परिषदेत भाषण करून पुढच्या गावाला जाऊ शकत होते. लक्ष्मीबाईंना त्याच पाणवठ्यावर, त्याच नातेवाइकांत राहायचं होतं. जातिभेद मोडण्याचं काम भाषणात एकदा होतं, स्वयंपाकघरात दिवसातून दोनदा करावं लागतं.

त्यातच कूपर कारखाना सुटला आणि घरात येणारा पगार थांबला. सरकारी अनुदानाचा भरवसा नव्हता. मुष्टीफंड होता, म्हणजे घरोघरी मूठमूठ धान्य गोळा करायचं. पण उन्हाळ्याच्या अखेरीला देणाऱ्याचीच कणगी तळाला गेलेली असते. मग पाटल्या गेल्या, गोठ गेले, एकेक दागिना सोनाराकडे गेला. साताऱ्यात सांगतात ती हकिगत अशी, की अण्णा वर्गणीसाठी बाहेरगावी होते, कोठीत दाणा उरला नव्हता आणि पोरं उपाशी होती. लक्ष्मीबाईंनी शेवटचं उरलेलं मंगळसूत्र काढून दिलं. नवरा जिवंत असताना सौभाग्यलेणं उतरवणं त्या पिढीच्या बाईला काय वाटलं असेल, हे आजच्या वक्त्याला टाळ्यांच्या जागेवरून कळायचं नाही.

एकूण सोनं किती गेलं, याचा आकडा सांगणाऱ्यागणिक बदलतो. तोळ्यांचं आपल्याला भारी आकर्षण. पण सोनं एकदाच विकता येतं आणि पोरांना भूक रोज लागते. तीस मुलं धरा. वाढत्या अंगाची, दिवसभर शेतात, बांधकामावर राबून आलेली. प्रत्येकी तीन भाकऱ्या, दोन वेळा. रोजच्या एकशे ऐंशी भाकऱ्या झाल्या. पीठ मळायचं, थापायची, तव्यावर टाकायची, पाणी फिरवायचं, उलटायची, निखाऱ्यावर फुगवायची. एका भाकरीला दोन मिनिटं म्हटलं तरी सहा तास चुलीपुढे. कालवण, दळण, पाणी आणि आजारी पोराची पेज वेगळीच. स्वावलंबन हेच ब्रीद असलेल्या बोर्डिंगात मुलं हाताखाली असणार, हे खरं. तरीही कुणाला ताप आहे, कोण घरच्या आठवणीने जेवला नाही, कोण लाजून अर्धी भाकरी मागे ठेवतोय, हे ध्यानात ठेवणारं डोकं एकच होतं.

संस्थेला मिळालेलं पहिलं खरं अनुदान हेच. त्याची नोंद कुठल्याच जमाखर्चात नाही.

१९३० मध्ये लक्ष्मीबाई गेल्या, चाळिशीही न गाठता. यानंतरच्या तारखा ओळीने पाहाव्यात. १९३२ मध्ये पुण्यात युनियन बोर्डिंग, १९३५ मध्ये साताऱ्यात शिक्षक घडवणारं ट्रेनिंग कॉलेज, १९४० मध्ये महाराजा सयाजीराव हायस्कूल, १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज. आपण ज्याला 'रयतचा विस्तार' म्हणतो, तो जवळजवळ सगळा लक्ष्मीबाईंच्या माघारी झाला. संस्थेचं एकही हायस्कूल त्यांनी पाहिलं नाही. त्यांना दिसली ती कोठी, चूल आणि पंगत. भाऊरावांना १९५९ साली पद्मभूषण मिळालं, पुणे विद्यापीठाने डी. लिट. दिली आणि त्याच वर्षी ९ मे रोजी ते गेले. आज संस्थेच्या सातशेहून अधिक शाखा आहेत.

लक्ष्मीबाईंना 'रयतमाऊली' म्हणतात. शब्द प्रेमाचा आहे, पण त्यात एक सोय लपलेली आहे. बाईला माऊली म्हटलं की तिचं काम हे काम राहत नाही, माया होते, आणि मायेचा हिशेब विचारणं असभ्य ठरतं. सत्यशोधक परंपरेत तरी असं व्हायला नको होतं. तिथे जोतीराव-सावित्रीबाईंचं उदाहरण समोर होतं, आणि त्या दोघांची नावं आज एका श्वासात घेतली जातात. सावित्रीबाई वर्गात उभ्या होत्या म्हणून त्यांना शिक्षिका ही पदवी सहज लाभली. लक्ष्मीबाई स्वयंपाकघरात होत्या, म्हणून त्यांना पदवीच सापडली नाही. संस्थाचालक म्हणायला आपली जीभ अजून अडखळते. कोठी, खर्च, शिस्त, आजारपण आणि माणसं सांभाळणारी व्यक्ती संस्थाचालक नसेल, तर मग संस्थाचालक म्हणायचं कुणाला?

आणि ही जुनी गोष्ट नाही. महाराष्ट्रातल्या सरकारी आणि अनुदानित शाळांत आज पहिली ते आठवीच्या मुलांना दुपारचं जेवण मिळतं. ते शिजवणाऱ्या स्वयंपाकी आणि मदतनीस बहुतेक गावातल्याच बाया असतात, त्यातल्या कितीतरी विधवा, भूमिहीन. त्यांना पगार नाही, मानधन आहे. महिना १५०० रुपये होतं, ते वाढवून २५०० केलं. तेही वर्षातले दहाच महिने. शब्द पाहा, 'मानधन'. माऊलीसारखाच तो, मान देऊन धन आखडतं घेणारा. खिचडीत अळी निघाली तर बातमी होते आणि बाईंवर कारवाई होते. मानधन दोन-तीन महिने रखडलं तर त्याची बातमी आतल्या पानावरसुद्धा क्वचित येते. ही तक्रार कुणा एका शाळेची नाही. शिक्षण म्हणजे फळा आणि गुरुजी, चूल ही त्याच्याबाहेरची बाब, अशी आपली समजूतच पक्की आहे. रिकाम्या पोटी पाढा पाठ होत नाही, हे साताऱ्याच्या बोर्डिंगात शंभर वर्षांपूर्वी कळलं होतं.

भाऊराव आणि लक्ष्मीबाईंचा गौरव करायचा तर आणखी एक पुतळा नको, स्मृतिग्रंथही नको. तसे ग्रंथ कपाटात पुष्कळ आहेत. येत्या २२ सप्टेंबरला मिरवणूक परत आल्यावर मुख्याध्यापकांनी पाहुण्यांना चहा देण्याआधी शाळेच्या स्वयंपाकघरात जावं आणि तिथल्या बाईंना विचारावं, मावशी, गेल्या महिन्याचं मानधन जमा झालं का? झालं नसेल, तर गटशिक्षणाधिकाऱ्यांना पत्र त्याच दिवशी जावं, आणि त्याखाली सही करताना त्या दिवशीच्या प्रमुख पाहुण्यांचीही घ्यावी.