टाकीत पेट्रोल असणाऱ्यांनी चार्जरवर मागे थांबावे

सलग सुट्ट्या आल्या की माणगाव-म्हसळामार्गे बोर्ली पंचतन, दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वरकडे गाड्यांची रीघ लागते आणि त्यात हिरव्या पाटीच्या विजेच्या गाड्याही आता सहज दिसतात. त्यांच्यासाठीचे सार्वजनिक चार्जर मात्र या पट्ट्यात मोजकेच आहेत. या मोजक्या चार्जरवर प्लग-इन हायब्रिड गाड्यांनी हक्क सांगावा का, याचा निर्णय गर्दी वाढण्याआधी व्हायला हवा. प्लग-इन हायब्रिड म्हणजे पेट्रोल इंजिन आणि बाहेरून चार्ज होणारी बॅटरी, दोन्ही असलेली गाडी. इनोव्हा हायक्रॉस किंवा ग्रँड व्हिटारासारख्या हायब्रिडना प्लगच नसतो, त्यामुळे त्यांचा इथे संबंध नाही. माझे मत स्पष्ट आहे. प्लग-इन हायब्रिडने मोकळा असलेला संथ चार्जर खुशाल वापरावा, पण केवळ विजेवर चालणारी गाडी आली की जागा सोडावी, आणि फास्ट चार्जरवर तर हायब्रिडने दावाच सांगू नये.

यामागे गाड्यांच्या किमतीबद्दलचा आकस नाही. प्रश्न गरजेचा आहे. २०२२ मध्ये भारतात आलेल्या दोन गाड्या शेजारी ठेवून पाहा. टाटा टियागो ईव्हीच्या मोठ्या बॅटरीत २४ युनिट वीज मावते. बीएमडब्ल्यू एक्सएम या प्लग-इन हायब्रिडच्या बॅटरीतही वापरण्याजोगी वीज जवळपास तेवढीच, २५ युनिटांच्या आसपास. फरक असा की एक्सएममध्ये शिवाय ४.४ लिटरचे आठ सिलिंडरचे इंजिन आणि जवळजवळ ७० लिटरची टाकी आहे. पुण्याहून ताम्हिणीमार्गे दिवेआगर दीडशे किलोमीटरच्या पुढेच जाते, तेही घाट उतरत-चढत. टियागोवाले कुटुंब इथे पोहोचते तेव्हा त्यांच्या बॅटरीत फारसे काही उरलेले नसते, आणि चार्जर अडलेला असेल तर परतीचा रस्ताच बंद होतो. एक्सएमवाल्याचे अशा वेळी काय बिघडते? तो पंपावर जातो आणि पाच मिनिटांत पुढे निघतो. वेळेचा हिशेबही त्याच्याविरुद्ध जातो. बहुतेक प्लग-इन हायब्रिड फास्ट चार्जिंग घेऊच शकत नाहीत. २०२२ ची एक्सएम जास्तीत जास्त ७.४ किलोवॅटने वीज ओढते आणि तिला पूर्ण भरायला चार तासांहून अधिक लागतात. टियागो फास्ट चार्जरवर साधारण तासाभरात दहा टक्क्यांवरून ऐंशीवर जाते. फास्ट आणि संथ गन एकाच यंत्रावर असतील आणि समोर गाडी लावायला एकच जागा असेल, तर ऐंशीएक किलोमीटरच्या विजेसाठी चौघा-पाचजणांची पाळी अडून राहते.

यावर पहिले उत्तर येईल ते असे की चार्जर सार्वजनिक आहे, पैसे सगळेच भरतात, मग जो आधी आला त्याने आधी भरावे. हे म्हणणे मला पुरेसे वाटत नाही. केंद्र सरकारने २०२३ मध्ये तीन सरकारी तेल कंपन्यांना ७,४३२ चार्जिंग केंद्रांसाठी ८०० कोटी रुपये मंजूर केले. वाटेत बॅटरी संपेल या भीतीने लोक विजेची गाडी घेत नाहीत, ती भीती कमी करणे हा अशा खर्चाचा मुख्य हेतू. ज्याच्या गाडीत पेट्रोलची टाकी आहे त्याला ती भीती मुळातच नाही. ज्याच्यासाठी सोय उभी केली तोच ताटकळत राहिला, तर तो पुढची गाडी पुन्हा पेट्रोलची घेईल.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. हायब्रिडवाल्यांना चार्जरवरून मागे सारले तर ते पेट्रोलच जाळतील, मग हवेचे काय? युरोपातले आकडे या शंकेला बळ देतात. फ्राउनहोफर आणि आयसीसीटी या संस्थांच्या २०२२ च्या अभ्यासानुसार खासगी प्लग-इन हायब्रिड प्रत्यक्षात निम्म्याहून कमी अंतर विजेवर धावतात, आणि कंपन्यांच्या मालकीच्या गाड्यांत हे प्रमाण ११ ते १५ टक्केच आहे. युरोपीय आयोगाने २०२४ मध्ये गाड्यांतल्या नोंदी तपासल्या, तेव्हा प्लग-इन हायब्रिडचे कार्बन उत्सर्जन प्रयोगशाळेतल्या आकड्यापेक्षा सरासरी साडेतीन पट निघाले. पण हे आकडे नीट वाचले तर ते माझ्याच बाजूने बोलतात. खासगी आणि कंपनीच्या गाड्या रस्त्यावरचे तेच चार्जर वापरतात, तरी त्यांच्यात एवढा फरक पडतो. तो पाडते रोजची सवय: रात्री घरी प्लग लावणे, आणि पेट्रोल स्वतःच्या खिशातून भरावे लागणे. वीस-पंचवीस युनिटांची बॅटरी पंधरा अँपिअरच्या साध्या सॉकेटवर रातोरात भरते. ज्याला खरोखर विजेवर धावायचे आहे त्याची सोय घरच्या पार्किंगमध्ये आणि दिवेआगरच्या घरगुती निवासाच्या अंगणात होऊ शकते. सुट्टीच्या दिवशी भरदुपारी फास्ट चार्जर अडवून त्याच्या वर्षभराच्या पेट्रोलमध्ये नगण्य फरक पडेल.

कोकणचा अनुभवही पुढे केला जाईल. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात श्रीवर्धन-म्हसळ्यातली गावे कित्येक दिवस विजेविना होती, म्हणून इकडे यायचे तर हायब्रिडच शहाणपणाची, असे कोणी म्हटले तर मी ते खोडणार नाही. मात्र ते शहाणपण टाकीत आहे, आणि अडचणीच्या वेळी तीच वापरायची असते. पावसाळ्यात लाइट जाते-येते, चार्जर चालू असण्याचे तास आणखी कमी होतात, तेव्हा तर तो दुसरा उपाय नसलेल्याला आधी मिळायला हवा. आज आपल्याकडे अशा गाड्या फार थोड्या आहेत हे खरे. पण चीनमध्ये एकट्या २०२४ मध्ये ५० लाखांहून अधिक प्लग-इन हायब्रिड विकल्या गेल्या. त्या इथे आल्यावर नियम करायला बसलो तर चार्जरसमोर भांडणे आधी होतील.

न्यायाने पाहिले तर हिरव्या पाटीवाल्यांवरही बंधन हवे. ऐंशी टक्क्यांनंतर चार्जिंगचा वेग घसरतो, तरीही गाडी तशीच लावून किनाऱ्यावर फिरायला जाणारा दुसऱ्याची तितकीच अडवणूक करतो. आणि चार्जरच्या जागेत पेट्रोल-डिझेलची गाडी उभी करण्याला तर कसलेच समर्थन नाही. म्हणून चार्जर चालवणाऱ्यांनी रांग असताना ऐंशी टक्क्यांची मर्यादा पाळायला लावावी, चार्जिंग संपूनही न हटणाऱ्या गाडीला मिनिटागणिक आकार लावावा, आणि प्राधान्य कोणाला हे मराठीत ठळक लिहावे. बोर्ली, दिवेआगर, श्रीवर्धनच्या निवास-व्यावसायिकांनी महावितरणकडून पुरेसा भार मंजूर करून घेऊन अंगणात सुरक्षित, अर्थिंग केलेले एकेक पंधरा अँपिअरचे सॉकेट बसवावे, त्याला वेगळा मीटर ठेवावा आणि युनिटचा दर खोलीभाड्याच्या फलकावरच लिहावा. येत्या दिवाळीच्या सुट्टीआधी एवढे करणे अवघड नाही.

आपला,
एक वाचक
बोर्ली पंचतन, ता. श्रीवर्धन, जि. रायगड