सुरुंग उकरणाऱ्याचं परमवीरचक्र

सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे यांना परमवीरचक्र मिळालं ते कशासाठी, असा खडा सवाल एका विद्वानांनी टाकला आहे. म्हणणं थोडक्यात असं : राणे सॅपर, म्हणजे लष्करी अभियंता, होते, सुरुंग काढणं हे त्यांचं नेमून दिलेलं काम, शत्रूचा माणूस मारल्याचा मानपत्रात उल्लेख नाही, आणि ते जिवंत परतले. मग बलिदान कुठलं?

शेवटचा मुद्दा आधी निकालात काढू. २१ परमवीरांपैकी ७ जणांना हा मान जिवंतपणी मिळाला. त्यांची पदकं महाशय परत मागवणार आहेत काय?

आता ते ‘नेमून दिलेलं काम’. ८ एप्रिल १९४८, काश्मीर युद्धातला नौशेरा–राजौरी रस्ता. काम सुरू होण्याच्या बेतात असतानाच उखळी तोफांचा मारा झाला. दोन सॅपर ठार, पाच जखमी. जखमींत राणे स्वतः. तरी उरलेली माणसं गोळा करून त्यांनी काम सुरू केलं. ९ तारखेला चिलखती गाडीतून पुढे गेले, तर रस्त्यावर आडवे पाडलेले चीडवृक्ष. खाली उतरून ते स्फोटकांनी उडवले. थोडं पुढे पुन्हा तेच. १० तारखेला पहाटे पावणेपाचला मशिनगनच्या माऱ्यात पुढचा अडथळा. ११ला रात्री दहापर्यंत काम. १२ला राजौरी आपल्या हाती आली. टेबलाशी बसून याला ‘रस्तेदुरुस्ती’ म्हणता येतं, हे मान्य. बंदूकधाऱ्याला निदान उलट गोळी झाडता येते. सुरुंग उकरणाऱ्याचे दोन्ही हात मातीत असतात, हे महाशयांच्या हिशेबात बसत नाही.

पूर्वी अशीच एक हुज्जत रंगली होती : राणे कारवारजवळच्या चेंदियाचे, तेव्हा ते महाराष्ट्राचे की कर्नाटकाचे? त्या वादात सुरुंगांचा कुणी उल्लेखही केला नव्हता. निदान त्या मंडळींना राणे हवे तरी होते!

माझं म्हणणं एवढंच, की मागच्यांना पुढे जाता यावं म्हणून जो आधी जातो, जखमी होऊनही मागे फिरत नाही, तो मारणाऱ्याइतकाच शूर. कधीकधी जास्त.

महाशयांनी राणे यांचं मानपत्र एकदा वाचावं. चार दिवसांची हकीकत आहे, फार वेळ लागणार नाही.