जुन्या टॅबवर लिनक्स टाकून विकायचंय? आधी मॉडेल नंबर बघा



कोपरीतल्या आपल्या बॅचमध्ये गेल्या काही आठवड्यांत तीन वेगवेगळ्या मुलांनी एकच प्रश्न विचारला. "सर, भंगारवाल्याकडे जुने टॅब पडलेत, स्वस्तात देतोय. लिनक्स तर फुकट आहे. टाकून विकले तर?" त्यातला एक जण घरातले चाळीस हजार घालून मिक्स लॉट उचलायच्या बेतात होता. व्हिडिओत हा विषय मी दोन मिनिटांत उरकला, तेवढ्याने भागणार नाही म्हणून इथे लिहितोय.

माझं मत आधीच सांगून टाकतो. मिक्स लॉट उचलू नका, कितीही स्वस्त असला तरी. एकाच मॉडेलचे दहा टॅब मिळाले तर विचार करा. आणि "लिनक्स टॅब" म्हणून विकू नका, एका ठरावीक कामाचा पडदा म्हणून विका. आता का ते सांगतो.

ज्याने घरच्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकलंय त्याला वाटतं, त्यात काय, पेनड्राइव्ह लावायचा, बूट मेनू काढायचा, नेक्स्ट-नेक्स्ट करत जायचं. कॉम्प्युटरवर ते जमतं, कारण तिथे बायोस किंवा यूईएफआय असतं आणि मशीनमध्ये काय काय लावलंय ते ऑपरेटिंग सिस्टिमला समजतं. बहुतेक अँड्रॉइड टॅबमध्ये एआरएम चिप असते आणि तिथे असं आपोआप कळत नाही. स्क्रीन कोणती, टचची चिप कुठली, चार्जिंगचा आयसी कुठे जोडलाय, हे सगळं त्या मॉडेलसाठी 'डिव्हाइस ट्री' नावाच्या फाइलमध्ये कुणीतरी आधी लिहून ठेवावं लागतं. ते लिहिलेलं नसेल तर तुमचा टॅब काळा पडदा दाखवून बसेल. शिवाय बऱ्याच कंपन्या बूटलोडरला कुलूप लावून ठेवतात, म्हणजे दारातच अडकलात. गंमत अशी की अँड्रॉइड स्वतः लिनक्स कर्नेलवरच चालतं. पण कंपनीने तो कर्नेल एकदा आपल्या टॅबपुरता जुळवला आणि नंतर सोडून दिला, त्याचं पुढे काही केलं नाही. तुमचं काम तिथून सुरू होतं.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण आपल्या अगदी जवळचं आहे, पवईचं. 'आकाश' टॅबलेट आठवतोय? 5 ऑक्टोबर 2011 ला दिल्लीत कपिल सिब्बल यांनी आणला, डेटाविंड कंपनीने बनवलेला, सरकारची ऑर्डर एक लाख नगांची. पहिल्या आकाशची मेमरी 256 एमबी, प्रोसेसर 366 मेगाहर्ट्झ, आणि बोटाने दाबावी लागणारी रेझिस्टिव्ह स्क्रीन. लोकांनी नावं ठेवली आणि ते बरोबरच होतं. मग काम आयआयटी मुंबईकडे आलं, प्रा. दीपक फाटक यांच्याकडे. 11 नोव्हेंबर 2012 ला राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते आकाश-2 आला. ऑलविनरची ए13 चिप, 512 एमबी मेमरी, सात इंची नीट चालणारी टच स्क्रीन, अँड्रॉइड 4.

आता आपल्या कामाचा भाग. आयआयटीच्या टीमने या टॅबवर पूर्ण जीएनयू/लिनक्स चालवून दाखवलं, तेही मायक्रो एसडी कार्डवरून. ऑलविनरच्या चिपमध्ये सोय अशी की ती आधी एसडी कार्डवर बूट करण्यासारखं काही आहे का ते बघते, नसेल तर आतली सिस्टिम सुरू करते. म्हणजे कार्ड घातलं की लिनक्स, काढलं की अँड्रॉइड, आतल्या सिस्टिमला धक्का नाही.

मी हे उदाहरण देतो ते देशाभिमानासाठी नाही. गणित बघा. हुशार इंजिनिअरांची टीम एका मॉडेलमागे लागली, आणि ती मेहनत त्या मॉडेलच्या हजारो नगांवर वाटली गेली. तुमच्या मिक्स लॉटमध्ये चाळीस नग असतील आणि मॉडेलं पंधरा. म्हणजे पंधरा वेळा पहिल्यापासून डोकेफोड, आणि त्यातल्या निम्म्यांवर काही होणारच नाही. एकाच मॉडेलचे दहा असतील तर पहिल्या टॅबला दोन आठवडे गेले तरी चालतं, उरलेले नऊ एका दुपारी होतात. एकदा तयार झालेली इमेज जपून ठेवली की पुढचा लॉट त्याच मॉडेलचा शोधायचा.

मग कोणतं मॉडेल घ्यायचं? नवख्या माणसाला मी एकच वाट सांगेन, ती म्हणजे इंटेल ॲटमवाले जुने विंडोज टॅब. 2014-15 च्या सुमारास आयबॉल स्लाइड, मायक्रोमॅक्सचा कॅनव्हास लॅपटॅब अशी बरीच मॉडेलं आपल्याकडे खपली. दोन जीबी रॅम, 32 जीबी स्टोरेज, आत छोटा पीसीच. विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि विंडोज 11 यांच्यावर चढत नाही, त्यामुळे मालक काढून टाकायला तयार असतात. यात एक खोच आहे. प्रोसेसर 64 बिटचा, पण यूईएफआय 32 बिटचं. त्यामुळे कितीतरी लिनक्सचे पेनड्राइव्ह यांना दिसतच नाहीत आणि मुलं म्हणतात टॅब खराब आहे. डेबियनच्या 12व्या आवृत्तीपासून तिची 64 बिटची इमेज अशा मशीनवरही बूट होते, ती घ्या. डेस्कटॉप हलका निवडा, एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटी. दोन जीबीत भारी डेस्कटॉप लावून ग्राहकासमोर चाचपडत बसू नका.

आणि इन्स्टॉलच्या आधी बॅटरी पूर्ण भरा. अनेक टॅबला चार्जिंग आणि ओटीजी एकाच भोकातून असतं. पेनड्राइव्ह आणि कीबोर्डचा हब लावला की चार्जर लावायला जागा नाही, आणि मध्येच टॅब बंद पडला की पुन्हा पहिल्यापासून.

इन्स्टॉल झाल्यावर काय चालतं ते कागदावर लिहून काढा. वायफाय, टच, आवाज, स्क्रीन आडवी-उभी होणं, झोपून जागं होणं. टचला पुष्कळदा त्या मॉडेलची वेगळी फर्मवेअर फाइल लागते. कॅमेरा या ॲटम टॅबवर चालेल अशी आशा धरू नका. हा कागद ग्राहकाला सही करून द्यायचा आहे, म्हणून तो खरा लिहा.

एआरएमवाल्यांमध्ये जायचंच असेल तर खरेदीच्या आधी पोस्टमार्केटओएस आणि उबंटू टच या दोन प्रकल्पांच्या डिव्हाइस यादीत मॉडेल नंबर शोधा. गुगलचा नेक्सस 7, सॅमसंगचे 2015 चे काही गॅलक्सी टॅब ए तिथे सापडतात. 'टॅब ए' एवढं नाव जुळून चालत नाही, मागच्या बाजूला बारीक अक्षरात छापलेला नंबर जुळला पाहिजे. यादीत नाव नसलेलं मॉडेल घेऊ नका, मग विकणारा काहीही म्हणो.

आता एक उलटी गोष्ट सांगतो. टॅब अँड्रॉइडवर नीट चालत असेल तर त्यावर लिनक्स टाकूच नका. खरंच. अँड्रॉइड 10 किंवा त्यापुढचं असेल तर क्रोमची नवी आवृत्ती मिळते. ब्राउझर फुल स्क्रीन करून काम होत असेल तर दोन आठवडे कशाला घालवायचे? लिनक्सची गरज त्याच्या खालच्यांना. क्रोम आता अँड्रॉइड 10 च्या खाली येत नाही, आणि अँड्रॉइड 7 व त्याआधीच्या जुन्या टॅबमध्ये नव्या सुरक्षा प्रमाणपत्रांची ओळखच नसल्यामुळे कितीतरी वेबसाइट उघडत नाहीत. हार्डवेअर धडधाकट आणि टॅब तरी निकामी, तो याच कारणाने.

बरं, टॅब तयार झाला. विकणार कोणाला? अष्टविनायक चौकापासून कोपरी कॉलनीपर्यंत चालत जा आणि दुकानदाराला विचारा, "लिनक्स टॅब घेणार का?" तो विचारेल, यात व्यापार ॲप चालतं का, टॅली चालतं का, बँकेचं ॲप चालतं का. टॅली विंडोजचं. बँकेची आणि यूपीआयची ॲप या टॅबवर चालवण्याच्या भानगडीत पडूच नका. लिनक्सवर अँड्रॉइडची ॲप चालवायला वेड्रॉइड नावाचं साधन आहे, पण दोन जीबीत ते रडतखडत चालतं, आणि पैशाच्या व्यवहाराला ते वापरणं मला पटत नाही. म्हणजे सर्वसाधारण टॅब म्हणून तुम्ही हरलात.

पण त्याच रस्त्यावर डॉक्टरांचं क्लिनिक आहे, तिथे बाहेर बसलेल्यांना आत कितवा नंबर चालू आहे ते दिसत नाही. पोळीभाजी केंद्र आहे, तिथल्या ताई रोज फळ्यावर खडूने मेनू लिहितात आणि संपलेली भाजी ओल्या फडक्याने पुसतात. खासगी क्लास आहे, दाराला ए-फोर कागदावर वेळापत्रक चिकटवलेलं. यातल्या कोणालाही टॅब नकोय, त्यांना भिंतीवर एक पडदा हवाय जो सकाळी चालू झाला की तेवढंच दाखवेल, आणि ज्यातला मजकूर त्यांना स्वतःच्या मोबाइलवरून बदलता येईल. लिनक्स या कामाला फार चांगलं. चालू झाल्यावर थेट एकच पान फुल स्क्रीनवर उघडायचं, बाकी सगळं बंद. मराठी फॉन्ट नीट लावा, जोडाक्षरं तुटलेला मेनू कोणी विकत घेत नाही.

हिशोब समजा असा. टॅब आठशे, चार्जर, स्टँड आणि लांब वायर मिळून सातशे. लावून द्यायचे अडीच हजार, आणि महिन्याला दीडशे रुपये देखभालीचे. आकडे तुमचे तुम्ही घाला, पण देखभालीचा आकडा सोडू नका. एका टॅबमागे हजार रुपये सुटले म्हणून खूश होणारा मुलगा चौथ्या महिन्यात फुकट दुरुस्तीला चकरा मारताना दिसतो. पंधरा जागी दीडशे म्हणजे महिन्याला सव्वादोन हजार, आणि त्या पंधराही जागा कोपरीत पायी फिरण्यासारख्या. घोडबंदरला पडदा लावायची ऑर्डर आली तर मी पहिल्या वर्षी नाही म्हणेन.

लिनक्स विकणं कायदेशीर आहे का, हेही विचारतात. आहे. मुक्त परवान्यात तुमच्या मेहनतीचे पैसे घ्यायला मनाई नाही. ग्राहकाला मूळ परवाना आणि सोर्स कोड कुठे मिळेल ते लिहून द्या आणि बिलावर "सॉफ्टवेअर लायसन्स फी" असली ओळ घालू नका.

कायद्याची खरी अडचण मालाच्या बाजूला आहे. सरकारी योजनांतून आपल्याकडे खूप टॅब वाटले गेले. मुंबई महापालिकेने 2015 ला आठवीच्या मुलांना दिले, महाज्योतीने जेईई-नीटच्या विद्यार्थ्यांना दिले. योजनेचं नाव, शाळेचा शिक्का किंवा संस्थेचं लॉक दिसलं तर तो नग हातात धरू नका. जुन्या मालकाच्या गुगल खात्याने अडकलेला, ज्याला दुकानदार एफआरपी लॉक म्हणतात, तो मालकाने स्वतः उघडून दिला तरच घ्या. सिमवाला टॅब असेल तर केवायएम, मग जागा सोडून आयएमईआय नंबर, असा एसएमएस 14422 ला पाठवा, चोरीचा म्हणून ब्लॉक केलाय का ते कळतं. विकणाऱ्याकडून नाव, सही आणि मॉडेल नंबर लिहिलेली पावती घ्या, दोनशे रुपयांच्या नगाची सुद्धा. 2022 चे ई-कचरा नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू आहेत आणि त्यात रिफर्बिशरला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. सूक्ष्म उद्योगांना त्या नियमांतून सूट आहे, पण तुम्ही सूक्ष्म उद्योग आहात हे दाखवायला उद्यम नोंदणी हवी. ती मोफत आहे, तिचे पैसे मागणाऱ्या एजंटला चहा पाजून परत पाठवा.

शेवटी बॅटरी. यावर मी अजिबात तडजोड करत नाही. स्क्रीन कडेने उचललेली दिसली, मागचं झाकण फुगलेलं वाटलं, तर तो टॅब चार्जिंगला लावायचा नाही, दाबून बसवायचा नाही, टाचणीने हवा काढायचा उद्योग तर मुळीच नाही. लिथियम बॅटरीला आग लागली तर ती तुमच्या घरात लागेल. ठीक असलेली बॅटरीसुद्धा चोवीस तास चार्जरवर ठेवली की फुगायला लागते, आणि आपला पडदा तर दिवसभर प्लगलाच असणार. म्हणून प्रत्येक ठिकाणी प्लगला साधा टायमर लावा, रात्री सप्लाय बंद होईल असा, आणि दर तीन महिन्यांनी जाऊन झाकण हाताने तपासा. ती चक्कर दीडशे रुपयांत धरलेली आहे असं ग्राहकाला पहिल्याच दिवशी सांगून ठेवा.